पानावर आलेला झटका

हे पानावरच पडले. मी वाढलेल्या पानावर. पुढं जे रामायण झालं ते सगळं या एका गोष्टीमुळं, म्हणून आधी तीच सांगते.

ज्येष्ठ महिना होता. ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यात कचेऱ्या सकाळच्या भरतात, त्यामुळं हे घरून लवकर निघत. दरबारच्या एका दफ्तरात हे नक्कलनवीस होते. यांचं मोडी अक्षर इतकं सुरेख की वरचे साहेब महत्त्वाचा कागद दुसऱ्या कुणाच्या हाती देत नसत. त्या सकाळी नेहमीप्रमाणं मी आदल्या रात्रीची आमटी आणि भाकरी वाढली. दोन घास झाले. तिसरा उचलला तो तोंडापर्यंत गेलाच नाही. हात मध्येच थरथरायला लागला, मान एका अंगाला वळली, डोळे वर गेले आणि हे पाटावरून आडवे झाले. ताट उलटलं. दातखीळ बसली, तोंडाला फेस आला, टाचा फरशीवर आपटत राहिल्या. मी यांचं डोकं मांडीवर धरून "अहो, अहो" एवढंच म्हणत होते.

थोरल्या जाऊबाई देवघरातून धावत आल्या. त्यांनी यांच्याकडे नंतर पाहिलं. आधी पाहिलं उलट्या ताटाकडे, मग माझ्याकडे.

"काय वाढलंस गं याला?" त्या म्हणाल्या.

तो प्रश्न मी त्यांना आजवर माफ केलेला नाही.

* * *

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, दाना ओळ नावाच्या गल्लीत आमचं बिऱ्हाड होतं. थोरले दीर, ज्यांना सगळे दादा म्हणत, जाऊबाई, त्यांची बारा वर्षांची कमळ, आणि आम्ही दोघं. जाऊबाई ग्वाल्हेरातच जन्मलेल्या, निम्मं बोलणं हिंदी. मी वाईकडची. लग्नाला नऊ वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. स्वयंपाकघर, म्हणजे जाऊबाईंच्या बोलीत चौका, माझ्याकडे, कारण चिंचगुळाची आमटी माझ्या हातची सगळ्यांना आवडे. जाऊबाईंच्या माहेरी तुरीची डाळ शिजवायची, वर हिंग-तूप घालायचं, झालं. यांना मात्र आमटी हवी ती आदल्या दिवशीची, रात्रभर मुरलेली. माझ्या माहेरच्या मोठ्या पितळी पातेल्यात ती तशीच झाकून ठेवायची आणि सकाळी यांना वाढायची. बाकी कुणाला शिळं नको असे, त्यामुळं ती यांच्या एकट्याच्या वाट्याची.

पितळेत आंबट ठेवलं की कळकतं, हे मला कुणी शिकवायला नको. म्हणूनच चैत्रात मी पातेल्याला दाट कल्हई करून घेतली होती. नेहमीचा कल्हईवाला गावी गेला होता. एक नवाच माणूस ओळीत भाता घेऊन बसला होता, त्याच्याकडून, समोर उभी राहून. पातेलं आतून आरशासारखं झालं. तेव्हापासून आमटी एकदाही कळकली नाही. उलट तिला एक गोडसर चव यायला लागली आणि मी ती माझ्या गुळाची करामत समजत होते.

त्यानंतर दोन महिन्यांत यांचं पोट धरायला लागलं. भिंतीला हात टेकून, दुसऱ्या हातानं पोट दाबून हे उभे राहत. शौचाला होईना. स्वभाव चिडका झाला. हिरड्या कडेनं काळपट दिसायच्या, मला वाटलं जांभळं खाल्ली असतील. मग तो दिवस उजाडला.

* * *

वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या घरी असं झालं तर दोन गोष्टी सांगते. दातखीळ उघडायला तोंडात चमचा घालू नका. शेजाऱ्यांनी घातला आणि यांचा चांगला दात मोडला. आणि चप्पल हुंगवू नका. हुंगवून झटका थांबला नाही, तो आपला आपणच थांबला. एका अंगावर वळवा, डोक्याखाली काहीतरी मऊ द्या आणि माणसं बाजूला करा. माणसं बाजूला करणं सगळ्यांत कठीण.

वैद्यांची मात्रा चालू असतानाच सहा दिवसांनी दुसरा झटका आला, पहिल्याहून मोठा. तेव्हा दादांनी टांगा आणला आणि यांना इस्पितळात नेलं.

तिथं सोळा दिवस काढले. पहाटे झाडू फिरे, मग भिस्ती येऊन वाळ्याच्या पडद्यांवर पाणी मारी, मग डॉक्टरांची फेरी. मोठे डॉक्टर रजेवर होते. तरुण डॉक्टर म्हणाले अपस्मार आहे, आणि बाटलीतलं औषध सुरू केलं. पण अपस्मारानं माणूस असा होतो का, हे मला कुणी सांगेना. यांना सकाळ की संध्याकाळ ते कळत नसे. मला कमळ म्हणून हाक मारत. वारून वीस वर्षं झालेल्या आईला, "गोरखीच्या शाळेतून आलो, खायला दे," असं सांगत. कालचं आज आठवत नसे. आणि हात. दोन्ही पंजे मनगटापासून खाली लोंबायला लागले, ओल्या धोतराच्या टोकासारखे. बोटं मिटायची, पण पंजा वर उचलता येईना. ज्या हातानं बोरूच्या एका झोकात पानभर मोडी उतरायची, त्या हाताला पेला धरवेना. मी यांच्या समोर कधी रडले नाही. व्हरांड्यात जाऊन रडायची.

शेजारच्या खाटेवर भिंडकडचा एक म्हातारा होता. त्याची बायको एकदा माझ्यामागून बाहेर आली, शेजारी बसली आणि म्हणाली, "रो लो बाई, यहाँ कौन देख रहा है." आणि आपली अर्धी भाकरी माझ्या हातावर ठेवली. त्या सगळ्या उन्हाळ्यात माझ्याशी माणसासारखं वागलेली ती एकटीच. तिचं नावही मी विचारलं नाही.

* * *

डबा घरून जाऊबाईंच्या हातचा येई. साधी डाळ, मऊ भात. आणि झटके थांबले.

पाहा कसं झालं ते. माझ्या हातचं बंद झालं आणि यांचे झटके बंद झाले. यांना घरी आणलं तेव्हा जाऊबाई उंबऱ्यातच उभ्या होत्या. "इंदू, आजपासून तू चौक्यात पाय ठेवायचा नाही," त्या म्हणाल्या. "मूल होत नाही म्हणून याला वश करायला काय चारत होतीस, ते तुझं तुला माहीत. मला तमाशा नको. पण माझ्या दिराला मी मरू देणार नाही."

मी दादांकडे पाहिलं. दादा माझ्याशी कधी थेट बोलत नसत, धाकट्या भावाच्या बायकोशी बोलायची रीत नव्हती. ते खुंटीवरच्या पगडीकडे बघत म्हणाले, "काही दिवस तसंच करावं."

यांना काहीच कळत नव्हतं. हे माझ्याकडे बघून हसले.

मग जाऊबाई माझ्या मागं लागल्या त्या हात धुऊनच. पाणी भरायचं, पण घागर चौक्याच्या दाराशी ठेवून मागं व्हायचं. यांचं अंग पुसायचं, तेल चोळायचं, मनगटांना फळ्या बांधायच्या, तेवढं माझं. भरवायला मात्र जाऊबाई. ओळीतल्या बायकांना त्यांनी काय सांगितलं ते मी ऐकलं नाही, पण दिसत होतं. मी नळावर गेले की दोघी-तिघी आपली भांडी उचलत. आणि जाऊबाईंनी माझी माहेरची भांडी काढून घेतली. ते पातेलंही. "भगोना चांगला आहे, हात चांगला नव्हता," म्हणाल्या. राखेनं घासून त्यांनी ते आपल्या चुलीवर चढवलं. दादांना आणि कमळला आमटीची सवय लागलेली, मग जाऊबाई हट्टानं आमटी शिकल्या. यांच्यासाठी पथ्याची डाळ वेगळी, मातीच्या गाडग्यात. बाकीच्यांना पातेल्यातली आमटी. कमळची शाळा सकाळची, ती शिळी आमटी खाऊन जायला लागली.

मी काही गरीब गाय नव्हे. बोललेल्या एकेका शब्दाची मी मनात गाठ मारत होते. घागरी भरताना, यांच्या मनगटांना तेल चोळताना, मी जाऊबाईंचं काय करीन ते ठरवायची. त्यांच्या अंगावरचं सोनं जाईल. त्यांना ओळीतून खाली मान घालून चालावं लागेल. त्या माझ्या पाया पडतील आणि मी पाय मागे घेईन. कुठलंही स्तोत्र मी कधी इतक्या मनापासून म्हटलं नसेल.

* * *

श्रावणातल्या एका गुरुवारी मोठे डॉक्टर स्वतः घरी आले. रजेवरून परतल्यावर त्यांनी कागद वाचले होते आणि हातांचं वर्णन त्यांना खटकलं होतं. घरी आम्ही दोघंच होतो. दादा कचेरीत, जाऊबाई आणि कमळ फूलबागेकडे कुणाच्या पूजेला गेलेल्या.

डॉक्टरांनी यांचे पंजे पाहिले. मग ओठ खाली ओढून हिरड्या पाहिल्या, खिडकीशी नेऊन पुन्हा पाहिल्या. "छापेखाने में काम करते हैं? रंग-रोगन का?" मी नाही म्हटलं. मग मला म्हणाले, "आप भी मुँह खोलिए." मला लाज वाटली, पण उघडलं. माझ्याही हिरडीला तीच निळसर रेघ होती, फिकी.

"खाना किस बर्तन में पकता है?"

चैत्रात पातेल्याबरोबरच कल्हई केलेली एक लहान तपेली माझ्या ट्रंकेत राहिली होती. ती आणून दिली आणि आमटी रात्रभर कशी मुरवते तेही सांगितलं. डॉक्टरांनी चाकूनं आतली कल्हई खरवडली आणि तो कपचा कागदावर घासला. कागदावर शिसपेन्सिलीसारखी रेघ उठली.

"यह कलई नहीं है. आधे से ज़्यादा सीसा है. इसमें खटाई रात भर रखेंगी तो ज़हर ही बनेगा." सीसा म्हणजे शिसं. मग यांच्याकडे बोट करून म्हणाले, "इन्हें यही हुआ है. इस कलई के जितने बर्तन हों, आज ही घर से निकाल दीजिए."

मी "जी" म्हटलं. हे खाटेवर बसून सगळं ऐकत होते, पण यांच्यापर्यंत काय पोचलं ते कळायला मार्ग नव्हता. डॉक्टर गेले. मी तपेली पुन्हा ट्रंकेत ठेवली आणि कुलूप लावलं.

पहिला विचार काय आला ते प्रामाणिकपणे सांगते. चारलं मीच. जाऊबाई म्हणाल्या ते हात माझेच होते. मीच समोर उभी राहून ती कल्हई करून घेतली, मीच चिंच कोळली, मीच रात्रभर मुरवली आणि "आणखी घ्या ना" म्हणून यांना वाढली.

दुसरा विचार लगेच आला. ते पातेलं आत्ता जाऊबाईंच्या चुलीवर आहे.

संध्याकाळी त्या पूजेहून आल्या. मी दारात उभी होते. सांगायला तोंड उघडलं असतं तर दहा शब्दांचं काम होतं. "बाजूला हो, सोवळ्यात आहे मी," त्या म्हणाल्या. मी बाजूला झाले.

* * *

शुक्रवारी घरात हळदीकुंकू होतं. बायका आल्या. दूध-फुटाण्यांची ताटली कमळनं माझ्या हातात दिली, तिला बिचारीला काय ठाऊक. मी पहिल्याच बाईपुढं धरली, तर जाऊबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, "हिच्या हातचं घेऊ नका हं कुणी. मी देते." त्या बाईनं उचललेले फुटाणे तुळशीच्या कट्ट्यावर टाकले आणि बोटं पुसली.

या शुक्रवारचं निमित्त मी मला स्वतःला पुष्कळ वर्षं सांगितलं. पण ते खरं नाही. गप्प बसायचं मी गुरुवारीच ठरवलं होतं, फुटाणे नंतरचे.

मला त्यांना मारायचं नव्हतं. निदान मी असं धरून चालले होते. मला एवढंच हवं होतं की दादांचा हात पानावर थरथरावा, त्यांच्या बायकोनं वाढलेल्या पानावर, आणि ओळीनं तिला विचारावं, काय वाढलंस गं. एकदाच. मग मी डॉक्टरांना बोलावीन, मग मी सगळ्यांना वाचवीन, असा माझा हिशेब. दोन्ही वेळा पानं मांडली की मी ओसरीवर बसून आतला वाटीचा आवाज ऐकायची. दादा म्हणायचे, "आज आमटी झकास." माझ्या अंगावर काटा यायचा आणि बरंही वाटायचं. दोन्ही लिहिते, कारण दोन्ही खरं आहे.

शनिवारी कमळ शाळेतून लवकर आली. पोट दुखतंय म्हणाली. जाऊबाईंनी ओवा दिला. रविवारी ती जेवलीच नाही, पण सकाळची आमटी मात्र प्यायली होती. वैद्य म्हणाले जंत आहेत. कमळ माझ्या खोलीत आली, यांच्या खाटेशी बसली. यांचे पंजे हातात घेऊन वरखाली करायचा खेळ ती रोज खेळायची, तो खेळली. "काकू, माझं पोट दाबून दे ना," म्हणाली. मी दाबून दिलं. माझ्या बोटांखाली तिचं पोट लाकडासारखं टणक होतं. तेव्हाही मी बोलले नाही. आजवर मी ज्या कुणाला शिव्याशाप दिले त्यांच्यापैकी एकानंही एवढं वाईट केलेलं नाही.

* * *

सोमवारी सगळ्यांचा उपास. उपास दिवेलागणीच्या आधी सोडायचा, म्हणून चार वाजताच पानं मांडली. मी ओसरीवर होते. कमळ हातपाय धुऊन मोरीतून आली आणि मध्येच थांबली. एक हात भिंतीला टेकला, दुसऱ्यानं पोट दाबलं, मान खाली घातली. हुबेहूब हे उभे राहायचे तशी.

मी उठले आणि ओवळ्यानं थेट चौक्यात घुसले. जाऊबाई ओरडल्या. मी पदरानं पातेलं धरलं, चुलीवरून उचललं, हात पोळले, आणि सगळी आमटी मोरीत ओतली. मग पातेलं अंगणात फेकलं. त्याचा आवाज ओळभर गेला असणार, कारण बायका दारात जमल्या.

"बघा, बघा हिचे धंदे," जाऊबाई म्हणाल्या. "उपासाच्या दिवशी."

"कमळचं तोंड उघडा," मी म्हटलं.

"काय?"

"तिच्या हिरड्या बघा. मग यांच्या बघा. मग माझ्या."

दादा पाटावरून उठले. त्यांनी लेकीला उजेडात नेलं, ओठ बाजूला केला आणि हिरडीवरची निळसर रेघ पाहिली. मग आत येऊन भावाच्या हिरड्या पाहिल्या. मी ट्रंकेतली तपेली आणली, विळीच्या टोकानं खरवडली आणि तो कपचा पंचांगाच्या पाठीवर घासून दाखवला. सांगताना माझा आवाज अजिबात कापला नाही.

लग्नानंतर पहिल्यांदा दादा माझ्याकडे बघून माझ्याशी बोलले. "पोर वाचेल ना?"

"वाचेल. उद्या इस्पितळात न्या."

कमळ वाचली. तिला झटका आला नाही, हातही गेले नाहीत, पोट महिन्याभरात नीट झालं. ती आज तिच्या घरी सुखी आहे. यांना मात्र वेळ लागला. उजवा पंजा वर्षभरात वर यायला लागला, डावा निम्माच आला. अक्षर पूर्वीचं राहिलं नाही, पण दफ्तरानं यांना ठेवून घेतलं. त्या कल्हईवाल्याला मी पुढं वर्षभर लष्करच्या गल्ल्यांतून शोधत होते. सापडला असता तर त्याच्या भट्टीतच त्याला घातला असता. तो सापडला नाही. आता आमच्याकडे आंबट दगडी भांड्यात शिजतं. तुम्हीही कल्हईचा कपचा एकदा कागदावर घासून बघा. रेघ उठली तर चूल पेटवू नका.

पण मला सांगायचंय ते त्या सोमवारचं.

* * *

बायका पांगल्या. दादा डॉक्टरांच्या घराचा पत्ता विचारायला बाहेर गेले. जाऊबाई आमच्या खोलीत आल्या, दाराशी उभ्या राहिल्या. त्यांचा चेहरा एवढा लहान झालेला मी कधी पाहिला नव्हता.

"तुला हे कुणी सांगितलं?" त्यांनी विचारलं.

"डॉक्टरांनी. घरी आले होते."

"केव्हा?"

"आज दुपारी," मी म्हटलं. "तुम्ही झोपला होतात."

त्या आत आल्या. "आणि तू आत धावत आलीस. एवढं सगळं ऐकून घेतलंस माझं, आणि तरी माझ्या पोरीसाठी धावत आलीस." मग त्या थोरल्या, मी धाकटी, हे सगळं विसरून त्यांनी माझ्या पायांवर डोकं ठेवलं. मी महिनाभर ज्याचं चित्र मनात रंगवलं होतं तेच. पाय मागे घ्यायचं मला सुचलं नाही. मी उभी राहिले आणि त्यांना पडू दिलं. त्या बराच वेळ रडल्या. मग डोळे पुसून लेकीकडे गेल्या.

मी दार लोटलं आणि वळले. हे खाटेवर उठून बसले होते, माझ्याकडे बघत. ज्येष्ठापासून यांची ती नजर मी पाहिली नव्हती, समोरच्या माणसाला ओळखणारी. दोन महिने यांना सकाळची संध्याकाळ वाटत होती, कालचं आज आठवत नव्हतं. रोज देवापुढं मी एकच मागत होते, यांना पहिल्यासारखं सगळं आठवू दे.

"इंदू," हे म्हणाले. "डॉक्टर गुरुवारी आले होते."